वसुधाबाई आणि आमची न उघडायची पत्रिका

वसुधाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या धायरीच्या घरासमोर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, चपला हातात घेऊन उभ्या. दारापुढच्या जागेत मी नातवाच्या लग्नाच्या कुरडया वाळत घातल्या होत्या, पाय ठेवायला जागा नव्हती. एवढ्या कंपनीच्या मुख्य बाई, पण हाक मारली नाही की कुरडई ओलांडली नाही. मी दार उघडेपर्यंत तशाच उभ्या. माझी नात मुक्ता सहा वर्षं त्यांच्या हाताखाली आहे, त्यामुळे नाव रोजच ऐकत होते. पण आज स्वतःच घरी आल्या! पोरीनं काय करून ठेवलं, म्हणत मी खुर्ची पुसली.

बाईंना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून हा ग्रंथ निघतो आहे. यात मोठमोठी शिकलेली माणसं लिहिणार. मी चौथीपर्यंत गेलेली, तीही कशीबशी. पण मला लिहायला खुद्द बाईंनी सांगितलं आणि त्याला कारण आहे.

बाईंची कंपनी ऑफिसातली कागदपत्रं संगणकावर लिहायचं सॉफ्टवेअर बनवते. दवाखाने, शाळा, वकिलांकडे, सगळीकडे ते चालतं. आमच्या लग्नाची पत्रिका मुक्तानं त्यातच केली. आता पत्रिका म्हणजे काय सोपं काम आहे? पहिल्या पत्रिकेत आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या नणंदेचं, नाव खाली गेलं. त्यांनी तीन दिवस फोन घेतला नाही. मग दुसरी केली. जुनी चुकून कुणाला जाऊ नये म्हणून मी मुक्ताला म्हटलं, हिला नीट ओळखू येईल असं नाव दे. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. नवऱ्यामुलाचं नाव, नवरीचं नाव, दोन्हीकडच्या आजोळची आडनावं, आणि शेवटी ‘आत्याबाईंचं नाव वर घेतलेली, शेवटची, हीच पाठवायची’. एवढं सगळं संगणकातल्या त्या पत्रिकेचं नाव! ती बाईंना आमंत्रण म्हणून गेली. बाईंनी उघडली आणि त्यांचा संगणक बंद पडला.

दुसऱ्या कुणी वैतागून पुसून टाकली असती. बाईंनी ती पुन्हा उघडली. पुन्हा बंद. मग हातातलं सगळं बाजूला ठेवून दोन दिवस त्या एकाच पत्रिकेपाशी बसल्या. आणि तिसऱ्या दिवशी आमच्या दारात.

“आजी,” बाई म्हणाल्या (मुक्ताची आजी म्हणून त्याही आजीच म्हणतात), “तुमच्या पत्रिकेनं आमची मोठी चूक दाखवली.”

“आत्याबाईंचं नाव वर घेतलं म्हणून?”

“त्यांचं नाव वर घेतलं म्हणूनच,” बाई म्हणाल्या. त्या आठवड्यात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

मग त्यांनी ओट्यावरचा माझा मिसळणाचा डबा पुढ्यात घेतला. “ही हळदीची वाटी भरली, तरी तुम्ही ओततच राहिलात, तर हळद कुठे जाईल?”

“शेजारच्या मिठात.”

“आणि आमटीत मीठ म्हणून काय पडेल?”

“हळद. मी बघत नाही, हाताला सवय आहे.”

“संगणकही बघत नाही. आणि वाईट बुद्धीचा माणूस हळद सांडणार नाही, काय सांडायचं ते ठरवून येईल. त्यानं पाठवलेला एक कागद उघडला, की त्या दवाखान्याचा संगणक त्याच्या हुकमात.”

ही वाटी, म्हणजे कागदाच्या नावासाठी ठेवलेली जागा, मुक्तानं मांडली होती. नाव मावतंय का हे तिनं अक्षरं मोजून ठरवलं, आणि मराठी अक्षर संगणकाच्या पोटात इंग्रजीच्या तिप्पट जागा खातं. तपासताना सगळ्यांनी इंग्रजी नावं घालून पाहिली. पुण्यात बसून! सगळी आपलीच माणसं, पण कुणाला एक मराठी लांबलचक नाव सुचू नये.

मुक्ता दाराआड रडत होती. तिनं राजीनामा लिहून ठेवला होता. बाईंनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, “मुक्ता, तुझ्या ओळी तपासून मी सही केली आहे. तू गेलीस तर मलाही जावं लागेल, आणि साठीच्या बाईला दुसरीकडे कोण घेणार? चल, चूक तू केलीस, दुरुस्तही तूच करायचीस.”

पण त्या खऱ्या आल्या होत्या माझ्याकडे. दुरुस्ती तयार होऊन सगळीकडे पोचायला आठ दिवस लागणार होते. तोवर बाहेर कळलं, तर चोराला दार दाखवल्यासारखं. “आजी, आठ दिवस हे कुणालाही सांगायचं नाही.”

मला! मी रिक्षात बसले तरी उतरेपर्यंत रिक्षावाल्याला सगळं घराणं सांगून होतं. पण बाई असं बोलल्या, जसं बरोबरीच्या माणसाशी बोलावं. मी हो म्हटलं.

ते दिवस कसे गेले माझं मला माहीत. फोन वाजला की हातातलं काम टाकून मी धावायची. कुठल्या दवाखान्यात कुणी काही उघडलं तर नसेल? गॅसवर दूध ठेवून मी मुक्ताच्या चेहऱ्याकडेच बघत बसायची, दोनदा उतू गेलं. शेजारच्या मालतीवहिनी म्हणाल्या, “आजी, गप्पशा? कवळी हरवली की काय?” मी नुसती मान हलवली.

आणि त्यात आठवलं, तीच पत्रिका मी कात्रजच्या भाच्याला, माझ्या धाकट्या नणंदेच्या मुलाला, पाठवायला लावली होती! सुनील दवाखान्याच्या ऑफिसात आहे, तिथे हेच सॉफ्टवेअर. उघडली की संगणक बंद पडणार आणि सगळीकडे बोभाटा होणार. बाईंना कळवलं तर त्या स्वतः गाडी घेऊन आल्या. फोनवर सांगितलं तर सतरा प्रश्न विचारील, म्हणून आमंत्रणाचं निमित्त करून मी अक्षतांची वाटी घेतली. छापील पत्रिका अजून यायची होती, नुसत्या अक्षता घेऊन निघालो. सिंहगड रस्त्यावर गाडी अडकली तेव्हा बाईंची बोटं चाकावर सारखी वाजत होती. मी स्तोत्र म्हणायला घेतलं, तर मधलं कडवंच आठवेना.

सुनील ऑफिसला निघतच होता. “मामी, एवढ्या उन्हात? पत्रिका मोबाइलवर आली की. आता ऑफिसात उघडून छापून घेतो.”

“उघडू नकोस!” मी ओरडलेच.

“का हो?”

जिभेवर सगळं आलं होतं. डबा, हळद, मीठ, सगळं. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत पाण्याचा पेला धरून बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यानंही खूण केली नाही, माझ्यावर सोडलं.

“त्यात आत्याबाईंचं नाव चुकलंय,” मी म्हटलं. “त्यांच्या नजरेस पडली तर लग्नाला यायच्या नाहीत.”

सुनीलनं माझ्यासमोर पत्रिका पुसली. वर विचारतो, “आणखी कुणाला गेली नाही ना?” आत्याबाईंचा दरारा असा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी दुरुस्ती सगळीकडे पोचली. एका शाळेतले संगणक सांभाळणारे गृहस्थ रजेवर होते, म्हणून बाई स्वतः तिथे जाऊन बसल्या आणि काम झाल्यावरच उठल्या. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मग कंपनीनं चूक जाहीर केली. मुक्तानं मला वाचून दाखवलं. चूक कुणाची, तर कंपनीची, आणि खाली सही बाईंची. मुक्ताचं नाव कुठेच नाही. चूक कुणामुळे सापडली, तिथे मात्र एक नाव होतं. माझं. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, ठळक मराठीत. जन्मात माझं नाव पत्रिका नि रेशनकार्ड सोडून कुठे छापून आलं नव्हतं.

लग्नात बाई पहिल्या पंगतीला होत्या, आत्याबाईंच्या शेजारी. आत्याबाईंना अजून काही माहीत नाही, हा ग्रंथ वाचतील तेव्हा कळेल. जेवताना बाई हळूच म्हणाल्या, “आजी, आता बोललात तरी चालेल. माझ्या साठीला लिहाच.” म्हणून हे लिहिलं. माझ्यासारखीच्या तोंडावर कुणी असा विश्वास टाकला नव्हता.

वसुधाबाईंना उदंड आयुष्य मिळो. गुडघे त्रास न देवोत, जेवण वेळेवर होवो, आणि काळजी करायचीच तर नातवंडांची करोत. त्यांच्या पंच्याहत्तरीला मी त्र्याण्णवची असेन, तेव्हाही लिहीन. आमंत्रण मात्र त्यांनी घरी येऊन द्यावं. दारात कुरडया असल्या तरी हाक मारावी, मी वाट करून देईन.