मावशीच्या बत्तीस खुर्च्या

माझी मावशी कोर्टात टायपिस्ट होती. एकतीस वर्षं तिने लोकांच्या साक्षी टाइप केल्या. त्यामुळे समोरचा माणूस खरं बोलतोय की खोटं, हे आपल्याला दुसऱ्या वाक्याला कळतं, अशी तिची ठाम समजूत झाली होती. ‘खोटं बोलणारा फार तपशील देतो,’ ती म्हणायची. ‘खरं बोलणारा अडखळतो.’ लहानपणी माझ्या हातून काही मोडलं तर आई म्हणायची, ‘आत्ताच मला सांगून टाक. संध्याकाळी मावशी येणार आहे.’

मावशीने लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर शहरातलं भाड्याचं घर सोडलं आणि एका छोट्या गावात जाऊन राहिली. तिथल्या कोर्टात ती पूर्वी कधीतरी तीन महिने बदलीवर होती, एवढीच काय ती ओळख. आईने डोक्याला हात लावला. ‘तिथे आहे काय? एक रस्ता आणि दोन वळणं!’

‘म्हणूनच,’ मावशी म्हणाली. ‘चुकायची सोय नाही.’

तिने दोन खोल्या आणि पुढे व्हरांडा असलेलं घर भाड्याने घेतलं. घरमालकाचं एक जुनं लाकडी कपाट व्हरांड्यातच पडलेलं होतं. रंगाचे पोपडे सुटलेले, एक दार फुगून घट्ट बसलेलं. मावशीने उत्साहाने हिरव्या ऑइलपेंटचा डबा आणला आणि एका दुपारात कपाट रंगवून मोकळी झाली. आठ दिवसांत रंग उन्हाने जळलेल्या कातडीसारखा निघायला लागला. ती कंबरेवर हात ठेवून कपाटाकडे बघत होती, तेव्हा फाटकाबाहेरून एक म्हातारा सुतार जात होता. सगळं गाव त्याला मिस्त्री म्हणे. तो थांबला.

‘बाई, कपाटाला आधी आंघोळ घातली होती का?’

‘कपाटाला?’

‘मग कसा टिकेल रंग? अंगावर मळ तसाच, त्याच्यावर नवा सदरा.’

अशी त्यांची ओळख झाली. दुसऱ्या दिवसापासून मावशी मिस्त्रीच्या शेडमध्ये जायला लागली. शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर, तीन भिंती आणि रस्त्याच्या बाजूला काहीच नाही. मिस्त्रीचे हात थरथरायला लागले होते, त्यामुळे बारीक काम त्याला जमत नव्हतं. पण डोळा पक्का होता. त्याने तिला सगळं पहिल्यापासून शिकवलं. आधी सोड्याच्या पाण्याने धुवायचं. मग जुना रंग खरवडायचा. पॉलिशपेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच चालवायचा, आडवा नाही. भोकं पुट्टीने बुजवायची, प्रायमर द्यायचा, मग रंगाचा पहिला हात. तो पुरता वाळल्यावर हलकं घासायचं आणि दुसरा हात. मावशीला सगळ्यात अवघड गेलं ते वाळेपर्यंत थांबणं. ती बोट लावून बघायची आणि ठसा उमटायचा.

‘बाई,’ मिस्त्री म्हणायचा, ‘कोर्टात तारखा देत होतात ना? मग रंगालाही एक तारीख द्या.’

वर्षभरात तिचा हात बसला. मला फोटो यायला लागले: पिवळं स्टूल, निळी पेटी, शिंप्याच्या बायकोचा आरसा. फोनवर तिच्या आवाजात वेगळंच काहीतरी असायचं. ‘अगं, आज टपालवाला येऊन अर्धा तास बसला. पत्र नव्हतंच, नुसता आला.’ किंवा, ‘किराणावाल्याने मला न विचारता साबण काढून ठेवला. मला कुठला लागतो ते त्याला माहीत झालंय!’ शहरात ती ज्या इमारतीत एकोणीस वर्षं राहिली, तिथे शेजाऱ्याचं आडनाव तिला पाटीवरून माहीत होतं. इथे तिला लोक रंगमावशी म्हणायला लागले होते. एकदा मी रविवारी फोन केला तर म्हणाली, ‘आता ठेव, माझ्याकडे माणसं आलीत.’ माझ्याकडे माणसं आलीत, हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

तिची सगळ्यात जवळची मैत्रीण झाली ती गावातल्या वाचनालयाची ग्रंथपालबाई. वय पन्नाशीचं, नवरा वारलेला, दिराच्या घरात मागच्या खोलीत राहायची. महिन्याभरात दोघी ‘अहो’वरून ‘अगं’वर आल्या. रोज संध्याकाळी रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जायच्या आणि परत यायच्या. मावशीने तिला अशा गोष्टी सांगितल्या होत्या, ज्या माझ्या आईलाही माहीत नव्हत्या.

एक दिवस ग्रंथपालबाई म्हणाली, ‘अगं, वाचनालयाच्या मागच्या खोलीत बत्तीस जुन्या लाकडी खुर्च्या धूळ खात पडल्यात. आपण मुलांसाठी वेगळा विभाग करतोय. समितीने मंजुरी दिली, भिंतींना रंग द्यायचं ठरलं, खिडकीखाली कमी उंचीची कपाटं येणार आहेत. तू खुर्च्या रंगवशील? आणि प्रत्येकीच्या पाठीवर वेगळं काहीतरी काढ. म्हणजे प्रत्येक मूल आपली खुर्ची ओळखेल.’

मावशी ते मला फोनवर सांगताना इतकी हरखली होती की ग्रंथपालबाईने किती तपशील दिले, हे तिच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही.

पाच महिने ती त्या खुर्च्यांवर राबली. रंगही स्वतःच आणला. सैल झालेले पाय मिस्त्रीने बसवून दिले, बाकी सगळं तिने केलं. मासा, घुबड, छत्री, किल्ली, चाक, पतंग, उलटं लटकलेलं वटवाघूळ. शाळा सुटली की मुलं शेडपाशी गर्दी करायची आणि आपापली खुर्ची आधीच ठरवून ठेवायची. छत्रीवरून दोघांची मारामारी झाली, तेव्हा मावशीने दुसरी एक मिटलेली छत्री काढली. पुढचे दोन दात पडलेल्या एका मुलीने बेडूक मागितला, तोही हसणारा. ‘मला दात दिसायला हवेत,’ ती म्हणाली. बेडकाला दात नसतात हे मावशीने तिला समजावलं आणि मग काढले.

‘दोन हात पुरे, बाई,’ मिस्त्री म्हणाला.

‘मुलं बसणार आहेत. तीन हात.’

शेवटच्या खुर्चीचा रंग वाळल्यावर टेम्पो आला. खुर्च्या वाचनालयात कुलूपबंद ठेवू, भिंती झाल्या की उद्घाटन, असं ग्रंथपालबाईने सांगितलं. मावशीने खुर्च्यांना जुनी वर्तमानपत्रं गुंडाळून दिली आणि शेडच्या मागे ब्रश धुवायला गेली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी तिच्याकडे गेले. गावाच्या अलीकडे हायवेवर एक नवीन हॉटेल झालं होतं, तिथे बस पंधरा मिनिटं थांबली. मागे बाग, बागेत छत्र्या, छत्र्यांखाली टेबलं. मी चहा घेतला आणि बसायला खुर्ची ओढली. तिच्या पाठीवर दात असलेला बेडूक होता.

मला आनंदच झाला. मला वाटलं, मावशीचं नाव झालं, हॉटेलवाल्यानेही तशाच खुर्च्या करून घेतल्या. पोचल्या पोचल्या, पिशवी खाली ठेवायच्या आत मी म्हणाले, ‘काय गं, सांगितलं नाहीस! हॉटेलसाठीही खुर्च्या केल्यास?’

‘कुठल्या हॉटेलसाठी?’

‘हायवेवरच्या. मी बेडकावर बसून आले.’

ती हसायला लागली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबली. मी फोटो काढला होता, तो दाखवला. तिने चष्मा लावला आणि बोटांनी फोटो मोठा केला. घुबड, किल्ली, दोन्ही छत्र्या. तिने फोन माझ्या हातात परत दिला आणि पायांत चपला सरकवल्या.

वाचनालयाच्या मागच्या खोलीची खिडकी उघडीच होती. आत काही नव्हतं. जिथे खुर्च्या वर्षानुवर्षं होत्या, तिथे फरशीवर पायांचे फिकट ठिपके तेवढे होते. भिंतींना रंग लागलेला नव्हता.

ग्रंथपालबाई तिच्या दिराच्या घरी व्हरांड्यातच बसलेली होती. आम्हाला दोघींना फाटकात बघून तिला कळलं असावं. ती उठली नाही.

‘हॉटेल कोणाचं आहे?’ मावशीने विचारलं.

‘भाऊजींचं.’

‘मुलांचा विभाग?’

‘तसं काही... ठरलं नव्हतं.’

‘कधीच?’

तिने आत दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘तुझं ते पिवळं स्टूल भाऊजींना आवडलं होतं. तशा खुर्च्या हव्या म्हणाले. समितीचे अध्यक्ष तेच. जुन्या खुर्च्या मोडीत काढल्या की झालं. मी म्हटलं, ती हॉटेलसाठी नाही करणार. ते म्हणाले, मग कशासाठी करेल ते तुला माहीत असेलच.’

‘आणि तुला माहीत होतं.’

‘मी यांच्या घरात राहते गं. तुला नाही पटलं तर तू उद्या सामान बांधशील. मी कुठे जाऊ?’ ती अडखळत होती, डोळे पुसत होती. तेवढ्यात दीर बाहेर आला. सगळं ऐकलेलं होतं. मोकळेपणाने हसून म्हणाला, ‘अहो, राग कसला? गिऱ्हाईक फोटो काढतात तुमच्या खुर्च्यांचे! आपण तुमच्या नावाची छान पाटी लावू. आणि मेहनतीचं काय ते बोला की.’

मावशीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ग्रंथपालबाईला म्हणाली, ‘मी त्या मुलांना रोज सांगत होते की खुर्ची तुझीच आहे. माझ्या तोंडून खोटं बोलवून घेतलंस तू.’

परत येताना ती भराभर चालत होती. शेडपाशी मिस्त्री फळीवर बसला होता. तिने थांबून नुसतं सांगितलं, ‘खुर्च्या हॉटेलात आहेत.’ मिस्त्रीने मान खाली घातली. आश्चर्य काही वाटलेलं दिसलं नाही. मावशी एकतीस वर्षं कोर्टात उगाच नव्हती.

‘तुम्हाला ठाऊक होतं!’

‘आधी नव्हतं, बाई. शपथ. पण टेम्पो वाचनालयाकडे वळला नाही. हायवेकडे गेला. तुम्ही मागे ब्रश धूत होतात.’

‘तीन आठवडे झाले त्याला. रोज येते मी इथे.’

‘रोज येता, म्हणूनच,’ मिस्त्री म्हणाला. ‘सांगितलं असतं तर यायच्या थांबला असतात.’

त्या दिवशी मावशी जेवली नाही. व्हरांड्यात बसून राहिली. समोरून जाणारे लोक नेहमीसारखे हात करत होते आणि ती प्रत्येकाकडे अशी बघत होती, की यालाही ठाऊक असेल का? टपालवाला रोज हायवेवरून येतो. किराणावाल्याने हॉटेलला माल दिला असेल. ‘मला वाटलं होतं, मी यांची झाले,’ ती म्हणाली. ‘केसाने गळा कापला गं हिने माझा. आणि गाव बघत होतं.’ मी म्हटलं, आपण पोलिसांत तक्रार करू, वर्तमानपत्राला कळवू. ती म्हणाली, ‘काय लिहून देऊ? खुर्च्या माझ्या नव्हत्याच.’

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी ती शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली. मीही गेले. मुलं जमली. तिने सरळ सांगितलं, खुर्च्या येणार नाहीत, विभाग होणार नाही, मला खोटं सांगितलं होतं आणि ते मी तुम्हाला सांगितलं. मोठी मुलं ‘असू दे, रंगमावशी’ म्हणून पांगली. बेडूकवाली थांबली.

‘मग माझ्या बेडकावर कोण बसतं?’

मावशीने माझ्याकडे पाहिलं. उत्तर मला माहीत होतं. मी पायाकडे बघत राहिले.

आईने हट्ट धरला की तिने शहरात परत यावं. मावशी गेली नाही. ‘फसवणारा गावात ताठ मानेने फिरतो आणि मी का सामान बांधू?’ पण छोट्या गावात रुसणं फार अवघड असतं. शहरात माणूस टाळायचा म्हटलं तर बस बदलली की झालं. इथे रस्ता एकच. दोघी रोज समोरासमोर यायच्या. ग्रंथपालबाई खाली बघायची आणि मावशी तिच्या डोक्यावरून पलीकडचं काहीतरी वाचत असल्यासारखी जायची. संध्याकाळचं चालणं मावशीने सोडलं नाही, फक्त वेळ बदलली. टपालवाला येऊन बसायचा. ती त्याला चहा द्यायची, पण काही सांगायची नाही. तिला भेटायला गेले की पूर्वी मला गावातल्या प्रत्येकाची खबर मिळायची, आता हवापाणी मिळायचं.

मिस्त्रीच्या शेडमध्ये ती चार महिने गेली नाही. मग तो पडला, पाय मुरगळला, आणि त्याचं अर्धवट राहिलेलं एक टेबल पुरं करायला दुसरं कोणी नव्हतं. ती गेली. टेबल पुरं केलं आणि दुसऱ्या दिवशीही गेली. बोलणं कामापुरतं. आता कोणी काही रंगवायला आणलं की ती पहिल्यांदा विचारते, ‘कुठे ठेवणार?’ आणि झाल्यावर स्वतः घरापर्यंत जाऊन, वस्तू तिथे ठेवलेली बघूनच परत येते. लोकांना ते विचित्र वाटतं. काही जण नाकं मुरडतात. ती ऐकून घेते.

मागच्या महिन्यात मी गेले होते. दुपारी आम्ही शेडमध्ये होतो. मावशी एका स्टुलाचा पाय घासत होती आणि मिस्त्री फळीवर डुलक्या घेत होता. हातगाडीचा आवाज आला. ग्रंथपालबाई स्वतः आली होती. गाडीवर तिचं लिहायचं छोटं टेबल, खण एका बाजूला कललेला. ती थोडी वाळली होती. रस्त्याच्या कडेला थांबून म्हणाली, ‘हे... माझं स्वतःचं आहे. माझ्याच खोलीत ठेवणार आहे. येऊन बघ हवं तर.’

मावशीचा हात थांबला. शेड जवळजवळ रिकामी होती. भिंतीला टेकून दोन पाट आणि ते स्टूल, एवढंच.

‘जागा नाही,’ मावशी म्हणाली.

ग्रंथपालबाईने रिकाम्या शेडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गाडी वळवली. एक चाक करकरत होतं, ते बराच वेळ ऐकू येत राहिलं. मावशी पुन्हा घासायला लागली. खाली मान, रेषेच्या दिशेने, एकाच पायावर, पॉलिशपेपर फाटला तर दुसरा घेऊन. लाकडाचा भुगा तिच्या मांडीवर साचत गेला. शेवटी मिस्त्री उठला, जवळ आला आणि वाकून बघितलं.

‘बाई, पाय बारीक झाला. आता बाकीचे तीनही तेवढेच घासावे लागतील.’

मावशीने पाय बोटांनी चाचपला. मग स्टूल फिरवलं आणि दुसरा पाय हातात घेतला.