दोन ताटांचे समीकरण

मार्गशीर्षातल्या संध्याकाळी नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत थंडी आधी जिन्यात शिरते आणि मग घरात; त्या दिवशी तिच्यासोबत समोरच्या शुभांगीच्या स्वयंपाकघरातून मेथीच्या फोडणीचा लसणी दरवळ आला आणि माझ्या लेकीचे हसूही आले. दरवळ सुखावून गेला. हसू मात्र झोंबले, कारण सई गणित करताना हसू शकते हे मला ठाऊकच नव्हते.

मी शाळेत बीजगणित शिकवते. समीकरणाशी मुलांची पहिली ओळख करून देताना माझ्या बाईंनी मला दिलेला मंत्रच मी देत आले: पलीकडे नेले की चिन्ह बदलते. सईलाही तोच दिला. तिने ३x = १२ मधला तीन पलीकडे नेला, इमानेइतबारे वजा केला आणि उत्तर काढले नऊ. मी समजावले, पुन्हा समजावले, मग आवाज चढला.

"तू ओरडतेस. मी शुभामावशीकडे जाते," म्हणत ती वही घेऊन समोर गेली.

शुभांगी गेल्या वर्षीच सिन्नरहून इथे राहायला आली. तीही गणिताचीच शिक्षिका, फक्त दुसऱ्या शाळेत. मला तिचा हेवा वाटला, सरळच सांगते. तिच्या न चढणाऱ्या आवाजाचा वाटला, आणि माझी मुलगी तिच्याशेजारी मांडीला मांडी लावून बसते याचा त्याहून अधिक. पिकते तिथे विकत नाही, असे म्हणून मनाची समजूत घालून पाहिली. पण पोटचे पोरच दुसऱ्याच्या दुकानी गेल्यावर म्हणी कुठवर पुरणार?

परतलेली सई ओट्याशी उभी राहून मलाच शिकवू लागली. "बरोबरच्या चिन्हाच्या दोन बाजूंना दोन बहिणी जेवायला बसल्यात, आई. एकीच्या ताटाचं जे करशील तेच दुसरीच्या. इकडे तीन सारखे वाटे आहेत, त्यातला एकच ठेवायचा. मग तिकडच्या बाराचेही तीन वाटे कर आणि एकच ठेव. नाहीतर रुसवा!"

x चार आला. तिचे डोळे लकाकत होते, आणि ती लकाकी मी दिलेली नव्हती. तव्यावरची पोळी उलटत मी "छान" म्हणाले. तेवढा शब्दही जड गेला.

दुसऱ्या दिवशी वर्गात कोवळे ऊन बाकांवर पसरलेले असताना, मंत्र बाजूला ठेवून मी फळ्यावर दोन ताटे काढली. बहिणी जेवायला बसल्या, रुसल्या, समजल्या. सायखेड्याहून येणारी कोमल एरवी माझ्या तासाला मान वर करत नाही; ती चक्क उभी राहिली.

"मॅडम, हे तर लय सोपं हाय! तुम्हाला कुणी शिकवलं?"

शुभांगीचे नाव अगदी ओठांपर्यंत आले होते.

"माझ्या मुलीनं," मी म्हणाले, आणि एक अक्षरही खोटे न बोलता किती लपवता येते हे उमगून फळ्याकडे तोंड फिरवले.