पथारीवरची उघडी तोंडं

दसऱ्यानंतर नंदुरबारच्या बाहेरच्या मैदानांवर मिरची वाळत पडली की जमीन दिसेनाशी होते. नुसतं लाल. या मैदानांना आम्ही पथारी म्हणतो. बाहेरची माणसं गाडी थांबवून फोटो काढतात आणि ‘काय रंग आहे’ म्हणून निघून जातात. त्या रंगात वाकून देठ खुडणाऱ्या बायका फोटोत ठिपक्याएवढ्या येतात, आणि त्यांचं पाण्याचं पिंप रिकामं आहे हे तर येतच नाही. मिरचीला ऊन हवं, बाईला सावली हवी. हे कळायला कुठली समिती लागते? तरी सावली नाही, पाणी नाही, आडोसा नाही.

मी आधी यावर पत्रकं काढायचे. पत्रकांत भजी बांधली जातात. म्हणून आम्ही काही पोरापोरींनी मिळून एक वेब अ‍ॅप केलं. फोनवर उघडायचं, फोटो टाकायचा, दोन वाक्यं बोलायची. तक्रार सरकारी कचेरीत जाते आणि सगळ्यांना दिसतेही. पण फोटो यायचे ते आडवे, कोपऱ्यात अंगठा, आणि रिकामं पिंप लालेलालात कुठे ते शोधत बसा. म्हणून अ‍ॅपमध्ये फोटो दुरुस्त करायचा एडिटर बसवायचं मी अंगावर घेतलं.

तो मी लिहिला नाही. असे तयार तुकडे मिळतात, त्यांना कंपोनंट म्हणतात. कोण्या देशातल्या कोण्या माणसानं तो लिहून, घ्या आणि वापरा म्हणून ठेवून दिलेला. मी तो आमच्या पानात जोडला, आणि पहिला आडवा फोटो बोटाच्या टिचकीसरशी उभा राहिला तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच. फुकट! इथं बाईला घोटभर पाणी द्यायला हात आखडतो, आणि त्या माणसानं, ज्याचं तोंड मी कधी पाहणार नाही, स्वतःची विद्या अशी रस्त्यावर मांडून ठेवली होती.

त्याच्यासोबत आलेले, फोटोवर चिकटवायचे बदाम, मिशा, गॉगल मी काढून टाकले. चार बटणं ठेवली: कापा, फिरवा, बाण, पुसट. बाण रिकाम्या पिंपाकडे दाखवायला. आणि पुसट माझ्या हट्टाचं. फोटोत चेहरा सापडला की तो आपोआप धुकट व्हावा, अशी सोय मी केली. कारण रोज सकाळी पथारीच्या तोंडाशी मुकादम उभा राहतो आणि कोणाला आत घ्यायचं ते ठरवतो. तक्रार करणारी त्याला कळली, की दुसऱ्या दिवशी तिनं घरी बसायचं.

ते मला एका बाईसाठी सर्वांत जास्त नको होतं. ती रनाळ्याकडून रिक्षात दाटीनं बसून यायची. घर तिच्या एकटीच्या खुडण्यावर चालायचं, आणि फोटो टाकायला तयार झालेली पहिली तीच होती. दुपारच्या सुट्टीत ट्रकच्या सावलीत बायकांनी पिंप आडवं धरलं, तोंडावरची फडकी गळ्यात ओढली आणि फोटो काढला. तिनं एडिटर उघडला. सगळे चेहरे धुकं झाले.

ती खो खो हसली. “हाई कोन शे वं? भूत शे का?”

“तू आहेस, मावशी. मुकादमाला कळू नये म्हणून.”

“आख्खा दिन तोंड बांधेलच ऱ्हास,” ती म्हणाली. “फोटोमा बी बांधी टाकं का वं पोरी?”

मी तापले. तिला काम जाण्याबद्दल ऐकवलं, घरच्या चुलीबद्दल ऐकवलं. पत्रकात ऐकवते तसं.

तिनं शांतपणे गळ्यातलं लाल फडकं चिमटीत धरून दाखवलं. “त्यानी मन्हं तोंड कधी दखेलच नही. तो माले फडकावरतीन वळखस. ‘ओ लाल फडका, इकडे ये.’ लपाडनं व्हई तं हाई लपाड.”

शेजारची म्हणाली, “मी पिवळी चौकडी शे. मन्हं नाव त्याले इचार बरं!”

सगळ्या हसल्या. मला हसू येईना. मिरचीची तिखट धूळ उडते, तिच्या खकाण्यापायी तोंड बांधावंच लागतं, हे मला माहीत होतं. पण वर्षानुवर्षं एका माणसाच्या हाताखाली राबायचं आणि त्यानं आपलं तोंडच पाहिलेलं नसावं!

मी फडक्यांवरही पुसटचं बोट फिरवलं. तिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. आधी इतरांना विचारलं, “ऱ्हाऊ देऊ का उघडं?” एकेकीनं मान हलवली, एकीनं नुसतंच “टाक वं” म्हटलं. मग तिनं चेहऱ्यांवरचं धुकं पुसलं, फडक्यांवरचं राहू दिलं. मग बाण घेतला. मला वाटलं, आता पिंपाकडे. तिनं तो स्वतःच्या तोंडाकडे लावला.

तक्रार चढली. मी घरी गेले, पण जेवण गेलं नाही.

सकाळी मी पथारीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. फोटो मुकादमाच्या फोनवर पोचला होता. तो एकदा फोनकडे बघे, एकदा समोरच्या बायकांकडे. समोर फक्त फडकी आणि डोळे. मागे मिरची उलथायला सुरुवात झालेली, खकाणा उठलेला.

“हाई बाणवाली कोन शे?” तो ओरडला.

“मी शे,” ती म्हणाली आणि तिनं फडकं सोडलं.

त्या खकाण्यात. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, ठसका आवरेना. पिवळ्या चौकडीनं सोडलं. मग तिच्या मागचीनं. बघता बघता सगळ्या ओळीनं तोंडं उघडी केली. सगळ्या खोकत होत्या, आणि खोकता खोकता हसत होत्या. “दखी ले, मुकादम, चांगलं दखी ले!” मी खूप मोर्चे पाहिलेत, घोषणा तर लिहूनच दिल्यात. असं काही पाहिलं नव्हतं.

मुकादमानं एकेक तोंड पाहिलं. पाहावंच लागलं त्याला. मग त्याची नजर पायाकडे गेली.

“बांधा वं ती फडकी,” तो म्हणाला. “मरशात खोकलीसन. चला, कामले लागा.”

ती माझ्याजवळून आत गेली. पिंप त्या दिवशीही रिकामंच होतं, त्याचं भांडण अजून चालू आहे. पुसटचं बटण मी काढलेलं नाही. ज्यांना लागेल त्यांच्यासाठी ते राहणार. फक्त आता ते आपोआप चालत नाही.