चोरपुरव्याचं नाव बदललं तेव्हा

एका गावाचं नाव बदलायचा अर्ज मी माझ्या हाताने लिहिलाय... लखनौत, विकास नगरमधल्या आमच्या घरात, डायनिंग टेबलावर, निवडायची मेथी बाजूला सारून. नव्वदीची सुरुवात होती. ह्यांची तिथे एका रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी होती.

आमच्याकडे झाडू-भांड्यांना एक बाई यायची. कॉलनीमागच्या वस्तीत तिचं सासर. तिला सगळे चोरपुरवावाली म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणायचे.

तिकडे पद्धतच आहे... सून आली की तिला माहेरच्या गावाच्या नावाने हाक मारायची. पुरवा म्हणजे वाडी, आणि हिचं माहेर तेलीबागच्याही पुढे, चोरपुरवा. कधीकाळी कुठल्याशा जमीनदाराचा घोडा चोरीला गेला आणि त्या वाडीत सापडला, एवढंच निमित्त. घोडा मरून गेला, नाव मात्र पोरीबाळींच्या पदरात पडलं.

खोटं कशाला बोलू... ती घरात असेपर्यंत मी कपाटाला कुलूप लावायचे. दोन वर्षांत एक चमचा इकडचा तिकडे झाला नव्हता, तरीही.

एका दुपारी ती चुरगळलेला कागद घेऊन आली. गावकऱ्यांना नाव बदलून हवं होतं, तहसीलला अर्ज द्यायचा होता. कुणीतरी तिच्या भावाला सांगितलं होतं की शहरातल्या शिकल्या-सवरल्या माणसाकडून लिहून घ्या. माझं हिंदी शाळेतलं, पण अक्षर बरं... मलाही जरा मोठं झाल्यासारखं वाटलं. 'सविनय निवेदन है' पासून झोकात सुरुवात केली.

कारण काय लिहू, विचारलं.

"लिखिए, बिटियन को ससुराल में सुनना पड़ता है। रोटी भी कम पड़े तो सब हमारी तरफ़ देखते हैं।"

मी तसंच लिहिलं. तिने आणलेल्या कागदावर सह्या करणाऱ्यांची नावं होती, सगळी पुरुषांची. तुझंही घालू का, म्हटलं.

"हम तो ब्याह के आ गए, भाभीजी। अब वहाँ के कहाँ रहे।"

झालं... तिचं नाव विचारायचं तेव्हाही राहूनच गेलं.

पुढे तीन वर्षं तिचा भाऊ तहसीलच्या चकरा मारत होता. शेवटी मंजुरी आली आणि गावाच्या तोंडाशी नवी पाटी लागली, चंदनपुरवा. लाडू वाटले, प्रधानाने, म्हणजे तिकडच्या सरपंचाने, गावाच्या इज्जतीवर भाषण ठोकलं. मुलींबद्दलचं माझं वाक्य त्याने अर्जातून आधीच काढून टाकलं होतं... आणि लग्न होऊन गेलेल्या एकाही मुलीला कार्यक्रमाला बोलावलं नव्हतं.

हे सगळं तिला भावाकडून कळलं. तो देऊन गेलेल्या लाडवांतला एक तिने माझ्यासाठी आणला होता. मी आपली खुशीत, आता तू चंदनपुरवावाली झालीस की, म्हटलं.

"सास कहती हैं, बोर्ड बदला है, पैदाइश नहीं।"

तेव्हा कुठे, पाच वर्षांनी, मी तिला तिचं नाव विचारलं. फूलमती. मग तिने माझं विचारलं. मी माधवी सांगितलं, आणि का कोण जाणे, माहेरची मी कुंदा, हेही सांगून टाकलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, पेढे वाटले. मला कुणी विचारलं नव्हतं. बावीस वर्षं ज्या नावाला ओ दिली, ते शाळेच्या दाखल्यावर तेवढं उरलं.

तिने हातातला झाडू थांबवून ऐकलं. मग म्हणाली, "आपके यहाँ तो दरख़ास भी नहीं देनी पड़ी।"

आम्ही दोघी हसलो. मला ते लागलं होतं, पण हसले. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही एकत्र बसून चहा प्यायलो... तिचा कप वेगळा होता, तोच नेहमीचा कानतुटका.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. पोळ्या करता करता मी लेकीला ओरडून सांगितलं, "दार उघड गं, चोरपुरवावाली आली असेल."

"हाँ आई, वही है," लेक म्हणाली. तिने दार आधीच उघडलं होतं.

फूलमती आत आली, चपला काढल्या आणि भांडी घासायला बसली. रोजचं नमस्ते तेवढं म्हणाली नाही.

मी माफी मागितली नाही. मोलकरणीची कसली माफी मागायची... असं तेव्हा खरंच वाटलं होतं मला.