आधी चटई, मग सुई

खुळखुळेबाई चहा गार होऊ देत आणि गार झाला म्हणून चहावाल्याशी भांडत. लिफ्टमध्ये अनोळखी बाळाला जीभ काढून दाखवत. बाळाने उलट जीभ काढली की समाधानाने मान हलवत. कुणाच्या घरी गेल्या की खुर्ची सोडून जमिनीवर बसत, मुलाच्या पाठीमागे. हसताना तोंडावर हात घेत, भांडताना मात्र नाही. एप्रनच्या खिशात लाल खुळखुळा कायम. मीटिंगमध्ये कंटाळा आला की तो वाजे, आणि बाई भलत्याच कुणाकडे तरी बघत.

सरकारी दवाखान्यात त्या मुलांना लस टोचायच्या. उभी नोकरी एकाच खोलीत गेली. दारात टेबल, टेबलामागे लसींचा फ्रिज, कारण प्लग तिथेच होता. मूल आत आलं की आधी सुई. मग कोपऱ्यातल्या चटईवर त्याची वाढ तपासायची: आवाजाकडे वळतं का, बोट दाखवून मागतं का, हाक मारली की बघतं का. नुकतीच सुई खाल्लेलं मूल कशाला वळतंय? ते भोकाड पसरे. रडतंय म्हणजे ठणठणीत, असं ठरवून त्याला घरी पाठवायचं. चटईवर कधी कुणी नापास झालंच नाही. याचं कुणाला नवल वाटलं नाही. बाईंनाही नाही.

एके दिवशी लसीची गाडी उशिरा आली. बसवर कंडक्टर असलेली एक आई मुलीला घेऊन ताटकळत होती. सोबत सासू. दोन वर्षांची मुलगी चटईवर झाकणांवर झाकणं रचत बसलेली. अजून बोलत नव्हती. हिचा बापही उशिराच बोलला, आता थांबवून थांबत नाही, असं आजी सगळ्यांना सांगत होती. तेवढ्यात बाईंच्या हातून स्टीलचा ट्रे पडला. खोलीतली सगळी पोरं दचकली. काही रडू लागली. मुलगी झाकण रचत राहिली. बाई तिच्या मागे जाऊन बसल्या. खुळखुळा वाजवला. मग ट्रेवर चमचा. मुलीने मान वळवली नाही. हीच मुलगी दर वेळी ठणठणीत म्हणून घरी गेली होती. पाठवणाऱ्या बाईच होत्या.

दुसऱ्या दिवशी टेबल मागच्या भिंतीला होतं. फ्रिजसाठी बाईंनी घरून लांब वायर आणली होती.

मोठे डॉक्टर काही वाईट नव्हते. त्यांनी बोलावून समजावलं की रांग रस्त्यावर जाईल, आया कंटाळून लस न घेताच परत जातील.

"लस चुकली तर मूल दगावतं, बाई. कान उशिरा तपासला म्हणून कुणी मरत नाही."

"मरत नाही, म्हणूनच कुणी विचारत नाही," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी शिपाई टेबल दारात आणी. सकाळी बाई ते मागे ढकलत. कंबर धरली तर कंबरेला शिव्या घालत. बदलीची धमकी आली. तिकडेही मुलं असतीलच ना, असं त्यांनी विचारलं. मग रांगेतल्या आयांना त्यांनी चटईभोवती बसवायला सुरुवात केली. नाहीतरी थांबायचंच होतं. रांग वाढली नाही. ती कंडक्टर आई आपल्या सुट्टीच्या दिवशी दारात उभी राहून बसमधल्यासारखी ओरडे, "आधी चटई, मग सुई. पुढे सरका." तिच्या मुलीच्या कानाला आता यंत्र होतं. मागे खुळखुळा वाजला की ती वळून रागाने बघे. बाईंना तो राग फार आवडे.

डॉक्टर कधी हो म्हणाले नाहीत. शिपायाला टेबल उचलायला सांगायचं मात्र विसरू लागले. मग वरून तपासणी येणार असं कळलं. सोमवारी टेबल मूळ जागी हवं, असा हुकूम निघाला.

शनिवारी बाई पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आल्या. गुडघ्यांवर बसून फरशीवर लहान मुलांची पावलं रंगवू लागल्या. दारापासून चटईपर्यंत, चटईपासून मागच्या टेबलापर्यंत.

"बाई, हे पुसायचं कुणी?" शिपायाने विचारलं.

"ज्याला टेबल हलवायचंय त्याने. फरशी उकरून."

उजेड कमी झाला तेव्हा उठल्या. उरलेली पावलं सोमवारी लवकर येऊन पुरी करते म्हणाल्या.

रविवारी दुपारी जेवून आडव्या झाल्या. उठल्या नाहीत.

सोमवारी तपासणीवाले आले. टेबलाला कुणी हात लावला नव्हता. मुलं पावलांवर पाय ठेवत चटईपर्यंत गेली. चटईच्या पुढे थोडीच पावलं आहेत. शेवटच्याची नुसती टाच रंगवलेली. डबा भिंतीशी ठेवलेला. ब्रश रंगातच राहिला, आणि कडक झाला.