हेमंतचं ‘व्हॅल्युएबल’

“म्हणजे तिच्या मॅनेजरलाच तिची खात्री नाही,” असं म्हणत लिंडाने स्क्रीनवर प्रज्ञाचं नाव खाली सरकवलं. मी टेबलाखालून हेमंतच्या बुटावर पाय दिला. त्याने बूट मागे घेतला.

लिंडा आमची डायरेक्टर. हेमंत पुण्याचा, टीमचा मॅनेजर. प्रज्ञा नागपूरची, त्याच्या टीममधली इंजिनिअर. मी एचआरमध्ये. अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या ऑफिसात दरवर्षी कॅलिब्रेशन होतं, म्हणजे सगळे मॅनेजर एका खोलीत बसून एकमेकांच्या माणसांचे रिव्ह्यू ताडून बघतात. प्रमोशन कुणाला, ते तिथेच ठरतं. यंदा जागा एकच उरली होती. प्रज्ञाचं प्रमोशन गेल्या वर्षीही हुकलं होतं, आणि यंदा हुकलं तर दुसरीकडे नोकरी बघणार, असं तिने मला सरळ सांगून ठेवलं होतं.

बाकीच्या मॅनेजरांनी आपापल्या माणसांना इनव्हॅल्युएबल म्हटलं होतं. एकाने तर नुकत्याच जॉइन झालेल्याला, ज्याला अजून पार्किंगही सापडत नव्हतं. हेमंतने लिहिलं होतं, प्रज्ञाचं काम व्हॅल्युएबल आहे. बस्स, एवढंच.

डिक्शनरी काढलीत तर व्हॅल्युएबल म्हणजे मौल्यवान आणि इनव्हॅल्युएबल म्हणजे ज्याचं मोलच करता येत नाही असं. डिक्शनरी बरोबरच आहे. पण इथल्या ऑफिसात हे शब्द वापरून वापरून पार झिजलेत. इनव्हॅल्युएबल म्हणजे माणूस कामाचा आहे. व्हॅल्युएबल म्हणजे आहे तर असू दे. आणि प्राइसलेस रिव्ह्यूत कुणी लिहीतच नाही, ते कुत्र्याने सोफा फाडला की त्या फोटोखाली लिहितात.

हे सगळं मी हेमंतला आधी समजावलं होतं. “अगं, इनव्हॅल्युएबल म्हणजे फारच होतं,” म्हणाला. याच्या घरी बोर्डात आलेल्या मुलालाही ‘बरे आहेत मार्क’ म्हणत असत. व्हॅल्युएबल लिहितानाच याचा हात आखडला असणार.

लिंडाने त्याला विचारलं, प्रज्ञा उद्या सोडून गेली तर काय होईल? मला वाटलं, आता हा म्हणणार, बघू, करू काहीतरी.

हेमंतने चष्मा काढून पुसला.

“ती सुट्टीवर असते तेव्हा मी रिलीज ठेवत नाही,” तो म्हणाला. रिलीज म्हणजे नवं सॉफ्टवेअर क्लायंटकडे चालू करणं, ज्यावर आम्हा सगळ्यांचं पोट.

“कधीच नाही?”

“नाही. मागचं रिलीज पुढे ढकललं ना, तेव्हा प्रज्ञाच्या बहिणीचं लग्न होतं.”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. लिंडाने विचारलं, मग हे लिहिलं का नाहीस?

“लिहिलंय की,” हेमंत खरोखरच गोंधळून म्हणाला. “व्हॅल्युएबल.”

लिंडा हसली आणि तिने प्रज्ञाचं नाव उचलून सगळ्यात वर नेलं. मला तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

हेमंतने डेस्कपाशी जाऊन प्रज्ञाला बातमी दिली, “झालं बरं का तुझं काम,” आणि चहा आणायला निघून गेला. ती डोळे पुसत माझ्या केबिनमध्ये आली. “हेमंतला इतकं खूश झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं,” म्हणाली.

तेव्हापासून रिव्ह्यूच्या आधी मी आपल्याकडच्या मॅनेजरांना एकच सांगते. मोठे शब्द जमत नसतील तर सोडा, तो माणूस नसला की तुमचं काय अडतं तेवढं लिहा. बहुतेकांना ते जमतं.

हेमंतने मात्र भलताच धडा घेतला. यंदा माझ्या रिव्ह्यूसाठी त्याच्याकडून फीडबॅक मागवला होता. त्याने माझ्या मदतीला सगळ्यांसारखंच इनव्हॅल्युएबल म्हटलं. ‘बरी होती’ लिहिलं असतं तर निदान कळलं तरी असतं की माझं काम त्याला आवडलंय.