बसालेल नावाचा मिस्त्री

२०१७ साल. माझं वय एकाहत्तर. पांढरकवड्याच्या नव्या प्रार्थनाघराचं दार लागत नव्हतं आणि कमिटीची चार माणसं माझ्या तोंडाकडे पाहत उभी होती. खालचा कोपरा टेकला की वरचा दोन बोटं बाहेर. रविवारी उद्घाटन.

दार मी केलेलं. चौकट बसवली देवराव गवंड्यानं.

"मिस्त्री, असं काहून झालं?"

"चौकट वाकडी बसली," मी म्हणालो.

देवराव बाजूलाच होता. "मामा, ओळंबा लावूनच बसवली जी. तुमच्यासमोर." ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. उभं काम सरळ आहे का, ते त्यानं कळतं.

"ओळंबा तुहा, डोळे तुहे. मी कायले पाहू?"

कमिटीनं ठरवलं, सकाळी देवरावनं भिंत फोडून चौकट काढायची. आणि कंपाउंडचं काम दुसऱ्या गवंड्याला.

खरं मला ठाऊक होतं. साग ओला होता. चिरलेलं लाकूड काही महिने सावलीत सुकवावं लागते. नाहीतर ते पीळ खाते, म्हणजे पिळलेल्या कपड्यासारखं मुरडते. मी घाई केली होती. पण पन्नास वर्षं मिस्त्री म्हणवून घेतल्यावर चारचौघांत तोंडातून निघत नाही.

सगळे गेले. कमिटीचे सेक्रेटरी बसालेल सर, रिटायर मास्तर, चहा घेऊन थांबले.

"सर, तुमचं नाव असं कसं? या भागात दुसरं ऐकलं नाही."

"हिब्रू आहे. अर्थ, देवाच्या सावलीतला. बायबलमधला मिस्त्री आहे तो."

त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. देव मोशेला सांगतो, ऊरीचा मुलगा, हूरचा नातू बसालेल, याला मी नाव घेऊन बोलावलं. माझा आत्मा त्याच्यात भरला. सोनं, चांदी, पितळ, दगड, लाकूड, सगळ्या कामाची अक्कल दिली.

मी चौथी नापास. पण हे समजलं. "मिस्त्रीच्या बापाचं, आज्याचं नाव लिहून ठेवलं?"

"जोडीदाराचंही. अहलियाब."

मी शेकडो दारं केली. एकाही पाटीवर माझं नाव नाही. आणि इथं खुद्द देव कारागिराला नावानं हाक मारते! मला तो माणूस फार आवडला.

"केलं काय त्यानं?"

"देवाचा मंडप. अन् आतली पेटी, बाभळीची."

"बाभूळ? लय हट्टी लाकूड. आमच्याकडे बैलबंडीची चाकं करतात तिची. सुकवली होती का त्यानं?"

सरांनी पान उलटलं. "तसं लिहिलं नाही. पण ती पेटी वर्षानुवर्षं रानावनातून खांद्यावर नेली. वाकली असंही लिहिलं नाही."

"म्हणजे सुकवली होती," मी म्हणालो. आणि माझी नजर दाराकडे गेली. सरांनी माझ्या कपात अजून चहा ओतला.

उद्घाटन बिनदाराचं झालं. नवं दार मी पुढच्या उन्हाळ्यात दिलं, ते आजही एका बोटानं लागते. कंपाउंड देवरावनंच बांधलं. कामावर आपलं नाव पाहिजे असेल तर त्यातली चूकही आपल्याच नावावर घ्यावी लागते, एवढं मी शिकलो. उशिराच शिकलो.

त्या चहाच्या दुसऱ्या दिवशी, उद्घाटनाआधी, सकाळी सहाला पोचलो, तर देवराव भिंतीला छिन्नी टेकवून उभा. "थांब बाबू," मी म्हणालो, "चौकट सरळ आहे. माहा सागच ओला होता." कमिटी आल्यावर तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. मग बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, देवरावला एक टोक धरायला लावलं आणि दार खाली उतरवलं.